साताऱ्यात घरच्या बागेतून आकाशदर्शन आणि ताऱ्यांचे फोटो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

भर सातारा शहरातल्या बागेतून खरंच काही दिसतं का?

दिसतं, आणि बऱ्याच जणांना वाटतं त्यापेक्षा जास्त. चंद्र, गुरू, शनी, कृत्तिका, मृगातला तेजोमेघ, वृश्चिकाच्या शेपटीजवळचे तारकागुच्छ यांना शहराच्या उजेडानं फारसा फरक पडत नाही. फरक पडतो तो आकाशगंगेला, देवयानी दीर्घिकेला आणि धूसर शेपटीच्या धूमकेतूंना.

स्वतःच्या आकाशाची प्रत एकदा तपासून घ्या. नोव्हेंबरमध्ये रात्री आठ-साडेआठला पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा मिळून झालेला मोठा चौकोन जवळजवळ डोक्यावर असतो. डोळे अंधाराला सरावल्यावर त्या चौकोनाच्या *आत* किती तारे दिसतात ते मोजा. एकही नाही किंवा जेमतेम एक-दोन, तर ते मध्यम शहरी आकाश. पाच-सहा दिसले तर तुमची बाग चांगली आहे, उगाच लांब जाऊ नका. जॉन बॉर्टल यांनी २००१मध्ये मांडलेली आकाशाच्या काळोखाची नऊ पायऱ्यांची मोजपट्टी सगळे वापरतात, पण इंटरनेटवरच्या नकाशातला आकडा अख्ख्या परिसराचा असतो. समोरच्या खांबावरचा दिवा त्यात धरलेला नसतो, आणि बागेचा निकाल बहुतेक वेळा तोच दिवा लावतो.

आधी काय घ्यावं, कॅमेरा की दुर्बीण?

आधी काहीच घेऊ नका. दोन अमावास्या बागेवर खर्च करा: कुठल्या कोपऱ्यात थेट दिवा डोळ्यात येत नाही, कुठल्या बाजूला झाड आडवं येतं, क्षितिज किती अंशांपर्यंत झाकलंय. हे ठरल्यावर खरेदीची यादी आपोआप निम्मी होते.

क्षितिज मोजायला हात पुरतो. हात सरळ ताणून धरलेली मूठ म्हणजे सुमारे १० अंश, करंगळीची रुंदी १ अंश. साताऱ्याचा अक्षांश सुमारे १७.७ उत्तर, म्हणजे ध्रुवतारा उत्तर क्षितिजापासून दोन मुठींपेक्षाही खालीच असतो. सात मीटर उंचीचं दुमजली घर उत्तरेला १७ मीटरच्या आत असेल तर उभ्या माणसाला ध्रुव दिसणार नाही. दक्षिणेला अगस्त्य हा ठळक तारा जास्तीत जास्त साडेएकोणीस अंश वर येतो आणि त्रिशंकू हा तारकासमूह जेमतेम बारा. अजिंक्यतारा गावापासून सुमारे ३०० मीटर उठतो. किल्ल्याच्या उत्तरेला पसरलेल्या पेठांमध्ये, माथ्यापासून एक किलोमीटरवर राहणाऱ्याला दक्षिणेचं आकाश सतरा अंशांपर्यंत डोंगरानंच झाकलेलं असतं. त्याला अगस्त्य कड्यावरून डोकावताना दिसेल, त्रिशंकू दिसणार नाही. त्यासाठी गावाबाहेर, मोकळी दक्षिण असलेल्या माळावर जावं लागेल.

बाग बरी की गच्ची?

उन्हाळ्यात बाग. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत उष्णता सोडत राहतो, त्यावरची हवा थरथरते आणि दुर्बिणीतला गुरू पाण्याखाली ठेवल्यासारखा हलतो. गवत आणि माती लवकर निवतात. शिवाय गच्चीवर कुणी चाललं की मोठ्या फोकल लांबीच्या (म्हणजे दूरचं जवळ आणणाऱ्या लेन्सच्या) फोटोत तो हादरा उमटतो.

हिवाळ्यात गणित उलटं होतं. बागेत दव लवकर पडतं, गच्चीवर थोडं उशिरा. ध्रुव किंवा दक्षिणेचं खालचं आकाश हवं असेल तरीही गच्चीच बरी.

बागेत ट्रायपॉडचे पाय नुकत्याच पाणी दिलेल्या मातीत रुततात आणि तासाभरात चौकट सरकलेली असते. प्रत्येक पायाखाली शहाबादी फरशीचा तुकडा ठेवा आणि त्या दिवशी तिथे पाणी घालू नका. मधला दांडा वर काढू नका. मार्च ते मे संध्याकाळी पश्चिमेचा वारा असतो, तेव्हा पिशवीत वजन घालून ती ट्रायपॉडला अडकवा, मात्र पिशवीचा तळ जमिनीला टेकू द्या. लोंबकळणारी पिशवी स्वतःच झुलते आणि कॅमेऱ्यालाही झुलवते.

अंधारात बागेत पाय टाकताना बूट आणि टॉर्च हवाच. मण्यार रात्रीच फिरते.

शेजारचा एलईडी दिवा थेट बागेत येतो. काय करता येईल?

शेतीच्या दुकानातलं हिरवं किंवा काळं शेडनेट घ्या, ७५ किंवा ९० टक्के सावलीचं. दोन बांबू, तीन मीटर रुंद आणि अडीच मीटर उंच पडदा, दिव्याच्या बाजूला. एकेरी नेट पुरत नसेल तर दुहेरी घडी. वाऱ्यात फडफडू नये म्हणून खालची कड विटांनी दाबा. आडोसा डोळ्यांसाठी जितका गरजेचा, तितकाच लेन्ससाठी. तिरका उजेड पुढच्या काचेवर पडला की फोटोवर पांढुरका पापुद्रा चढतो आणि तो नंतर निघत नाही. लेन्सचं हूड नेहमी लावा.

शेजाऱ्यांशी बोलून पाहा. 'दिवा बंद करा' म्हणण्यापेक्षा 'वरून पत्र्याची टोपी बसवून देतो, उजेड तुमच्या अंगणातच पडेल' म्हटलं तर सहसा कुणी नाही म्हणत नाही. रस्त्यावरच्या खांबासाठी नगरपालिकेकडे अर्ज करता येतो, पण तोपर्यंत शेडनेटच.

'लाइट पोल्यूशन फिल्टर' म्हणून विकल्या जाणाऱ्या काचांवर पैसे घालण्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्यातले बरेचसे जुन्या पिवळ्या सोडियम दिव्यांचा ठरावीक रंग अडवण्यासाठी बनवलेले आहेत. पांढऱ्या एलईडीचा उजेड सगळ्या रंगांत पसरलेला असतो, तिथे ते फारसे कामाला येत नाहीत.

चंद्र कधी नसतो हे कसं कळेल?

भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं. संकष्टीच्या चौकोनात चंद्रोदयाची वेळ छापलेली असते, ती साधारण साडेआठ ते दहाच्या दरम्यान असते. त्यापुढे चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो, म्हणजे कृष्ण अष्टमीला मध्यरात्रीच्या आसपास. कृष्ण अष्टमीपासून अमावास्येपर्यंत संध्याकाळ ते मध्यरात्र पूर्ण अंधाराची. अमावास्येनंतरही शुक्ल पंचमीपर्यंत चंद्र दहाच्या सुमारास मावळतो, त्यानंतरची रात्र तुमचीच.

सूर्यास्तानंतर लगेच घाई करू नका. आपल्या अक्षांशावर आकाश पूर्ण काळं व्हायला सुमारे सव्वा तास लागतो.

एक अमावास्या मात्र सोडून द्या: लक्ष्मीपूजनाची. चंद्र नसतो हे खरं, पण फटाक्यांचा धूर आणि रोषणाई दोन्ही कळसाला असतात.

वर्षात कोणते महिने चांगले?

कोरडी हवा आणि लांब रात्र म्हणून नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे सरळ उत्तर आहे. पण त्याला साताऱ्याची एक अडचण आहे. याच दिवसांत उसाचा गळीत हंगाम असतो, फडातलं पाचट पेटवलं जातं, आणि थंड रात्री धूर वर न जाता कृष्णाकाठी साचून राहतो. त्यात पहाटेचं धुकं. परिणामी क्षितिजापासून वीस-पंचवीस अंशांपर्यंतचं आकाश मळकट आणि डोक्यावरचं मात्र झकास. म्हणून हिवाळ्यात वरचे विषय निवडा: कृत्तिका, रोहिणी, मृग, पुनर्वसू. फेब्रुवारीच्या शेवटापासून डोंगरउतारावर वणवे लागतात, तेव्हा पश्चिमेकडचा धूर आणि वाऱ्याची दिशा पाहूनच सामान बाहेर काढा.

मे महिन्याला लोक उगाच नावं ठेवतात. दुपारी वळीव कोसळला आणि रात्री नऊपर्यंत ढग पांगले तर धूळ धुऊन निघालेली असते, तशी पारदर्शक रात्र जानेवारीतही क्वचित मिळते. जून ते सप्टेंबर विसरलेलं बरं. पावसाळ्यात फारच चैन पडत नसेल तर माण-खटावच्या कोरड्या पट्ट्यात, दहिवडी-म्हसवडकडे, ढगांना खिंडार पडण्याची शक्यता सातारा शहरापेक्षा जास्त.

आकाशगंगेचा तेजस्वी मध्य कधी आणि कुठे दिसेल?

धनु-वृश्चिकेच्या दिशेला, आग्नेयेकडून वर येतो. मार्चच्या मध्याला रात्री एक-दीडला उगवतो, पण मळकट थरातून वीस अंश वर यायला आणखी दीड तास जातो, म्हणजे फोटोची वेळ पहाटे तीन. एप्रिलच्या मध्याला एक वाजता, मेच्या मध्याला अकरापासून. मेमध्ये पावणेतीनच्या सुमारास तो बरोबर दक्षिणेला, सुमारे ४३ अंशांवर असतो. लंडन-बर्लिनच्या हौशी मंडळींना हा भाग क्षितिजाला घासत जाताना दिसतो, आपल्याला ऐन आकाशात मिळतो.

शहरातल्या बागेतून डोळ्यांना तो पट्टा बहुधा दिसणार नाही. कॅमेऱ्याला दिसेल, पण एका फोटोत नाही. पन्नास-साठ फोटो एकत्र करावे लागतील, त्याबद्दल पुढे.

नुसत्या मोबाइलनं जमेल का?

जमेल, अट एकच: फोन हातात धरायचा नाही. पकड असलेला छोटा ट्रायपॉड किंवा विटेला टेकवून ठेवलेला फोनही चालतो. 'प्रो' मोडमध्ये मुख्य कॅमेरा निवडा (अल्ट्रावाइडची काच अंधारात कमजोर असते), आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १६००, शटर (उजेड आत घेण्याची वेळ) १५ ते २० सेकंद, फोकस हातानं अनंतावर, टायमर ३ सेकंद, आणि असेल तर रॉ (कॅमेऱ्यानं काही न बदललेली फाइल) सुरू. गुगल पिक्सेलमध्ये तारे टिपण्याचा वेगळा मोड आहे. तो सुमारे चार मिनिटं छोटे छोटे फोटो घेऊन स्वतःच जोडतो. इतर अनेक फोनच्या नाइट मोडमध्ये फोन स्थिर आहे असं कळलं की शटर आपोआप लांबतं.

मागची काच पुसा. निम्म्या 'धुकट' फोटोंचं कारण बोटाचा तेलकट ठसा असतो.

कॅमेऱ्याची सुरुवातीची सेटिंग काय ठेवावी?

क्रॉप सेन्सरचा (पूर्ण फ्रेमपेक्षा लहान सेन्सरचा) कॅमेरा आणि सोबत आलेली १८-५५ची किट लेन्स धरून: १८ मिमी, एफ ३.५ (अॅपर्चर, म्हणजे लेन्सचं तोंड किती उघडं ते), १५ सेकंद, आयएसओ १६००, रॉ, व्हाइट बॅलन्स ४००० केल्विन. लेन्सवरची स्थिरीकरणाची कळ बंद, ऑटोफोकस बंद, युव्ही फिल्टर काढून ठेवलेला, शटरला दोन सेकंदांचा टायमर.

पंधराच सेकंद का? पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला १५ अंश सरकतात. क्रॉप सेन्सरवर ३०० भागिले फोकल लांबी असा ठोकताळा धरा: १८ मिमीला सोळा सेकंद, ५० मिमीला सहा. पुस्तकांत ५००चा आकडा सापडेल. तो फिल्मच्या काळातला आणि पूर्ण फ्रेमसाठीचा, आजच्या बारीक पिक्सेलवर तारे शेंगदाण्यासारखे लांबट येतात. मृगाच्या पट्ट्याजवळचे तारे सर्वात वेगानं सरकतात, ध्रुवाजवळचे सर्वात सावकाश, तेव्हा उत्तरेकडे दीडपट वेळ दिला तरी चालतो.

हिस्टोग्राम (फोटोतल्या उजेडाचा आलेख) पाहा. उंचवटा डावीकडून पाव ते एक तृतीयांश अंतरावर असावा. अगदी डाव्या भिंतीला चिकटला तर मंद तारे गेले, मध्याच्या पुढे गेला तर शहराच्या उजेडानं आकाश खाल्लं. अशा वेळी आयएसओ कमी करा, शटर नव्हे.

तारे फुगीर ठिपके येतात, टोकदार का येत नाहीत?

दहातल्या नऊ वेळा फोकस चुकलेला असतो. लेन्सवरच्या ∞ खुणेवर विश्वास ठेवू नका, त्या खुणेच्या पुढे-मागे खरी जागा असते आणि ती थंडीनं बदलतेही. पद्धत अशी:

१. व्याध, अगस्त्य, स्वाती, अभिजित असा त्या वेळी वर असलेला एखादा ठळक तारा चौकटीच्या मध्याजवळ आणा.
२. लाइव्ह व्ह्यू सुरू करून दहापट मोठं करा (लेन्सचा झूम नव्हे, पडद्यावरचा).
३. फोकसची कडी अगदी हळू फिरवा. ठिपका लहान होत जाईल, मग पुन्हा मोठा होऊ लागेल. मागे या, सर्वात लहान ठिपक्यावर थांबा.
४. कडीवर कागदी चिकटपट्टी लावा. किट लेन्सची झूमची कडीही चिकटवा, कॅमेरा वर रोखला की ती आपल्या वजनानं घसरते.
५. एक फोटो काढून तो मोठा करून तपासा, आणि दर अर्ध्या-पाऊण तासानं पुन्हा तपासा.

मधले तारे टोकदार आणि कोपऱ्यातले पंख फुटल्यासारखे असतील तर तो लेन्सचा स्वभाव आहे, अॅपर्चर एक पायरी बारीक करा. सगळे तारे एकाच दिशेला लांबट असतील तर वेळ जास्त झाली किंवा ट्रायपॉड हलला. आधी टोकदार होते आणि मग मऊ होत गेले, तर समजा दव पडलं.

दवाचं काय करायचं?

नोव्हेंबर ते जानेवारी हाच मोठा शत्रू. काच निरभ्र आकाशाखाली भोवतालच्या हवेपेक्षाही थंड होते आणि तिच्यावर पाणी धरतं. पाच व्होल्टची यूएसबी हीटर पट्टी लेन्सच्या पुढच्या टोकाला गुंडाळून पॉवर बँकेला जोडा, आणि दव पडायची वाट न पाहता सुरुवातीपासून चालू ठेवा. पट्टी फोकसच्या कडीवर बसवू नका, बांधताना फोकस हलतो. पट्टी नसेल तर हूड आणि दर वीस मिनिटांनी हेअर ड्रायरची मंद ऊब. कापडानं पुसू नका. पुसलेल्या काचेवर पाच मिनिटांत पुन्हा दव येतं, वर धुळीचे ओरखडे उठतात ते वेगळेच.

काम संपल्यावर कॅमेरा बाहेरच प्लास्टिकच्या पिशवीत बंद करा आणि मग घरात आणा. तासभर उघडू नका. कार्ड काढायची घाई असेल तर ते बाहेरच काढा.

शहरातून काढलेले फोटो नारिंगी आणि खरखरीत येतात. सुधारायचे कसे?

एकच फोटो काढून तो संपादनात ताणण्यात अर्थ नाही. तीच चौकट सलग साठ ते शंभर वेळा टिपा आणि स्टॅकिंग करा, म्हणजे ते सगळे फोटो एकावर एक ठेवून जोडा. खरखर फोटोंच्या संख्येच्या वर्गमुळाप्रमाणे कमी होते: १६ फोटोंनी चौपट, ६४ फोटोंनी आठपट. तिथून पुढे मेहनत वाढते आणि फायदा आटत जातो, हे ध्यानात असू द्या.

पहिला चांगला विषय म्हणजे मृगाच्या तलवारीतला तेजोमेघ. ५० मिमीची स्वस्त लेन्स, एफ २.२, आयएसओ १६००, ४ सेकंदांचे ३०० फोटो, म्हणजे वीस मिनिटांचा उजेड. इंटर्व्हलोमीटर (ठरावीक वेळानं आपोआप शटर दाबणारं उपकरण) लावा, दोन फोटोंमध्ये एक सेकंदाची फट. तारे सरकत जातात म्हणून दर पन्नास-साठ फोटोंनी मृग पुन्हा मध्यावर आणा. शेवटी लेन्सला झाकण लावून त्याच आयएसओ आणि शटरवर वीस 'डार्क' फोटो घ्या, तिथेच, त्याच गारठ्यात. घरात येऊन घेतलेले डार्क निरुपयोगी, कारण सेन्सरची खरखर तापमानावर ठरते. कोपरे काळपट येत असतील तर लेन्सवर पांढरा सुती रुमाल ताणून, सकाळच्या आकाशाकडे रोखून, फोकस आणि अॅपर्चर न बदलता वीस 'फ्लॅट' फोटो घ्या.

जोडण्यासाठी विंडोजवर सिक्वेटर हे सॉफ्टवेअर सर्वात सोपं, खाली झाड किंवा घर असलेल्या फोटोंसाठी तर तेच. तेजोमेघासाठी डीपस्कायस्टॅकर किंवा सिरिल. सिरिल मॅक आणि लिनक्सवरही चालतं. ही सगळी फुकट आहेत. जोडताना 'सिग्मा क्लिपिंग' निवडलंत तर विमानं आणि उपग्रहांच्या रेषा आपोआप गळून पडतात, त्यासाठी फोटो फेकायची गरज नाही. शहराच्या बाजूचा नारिंगी उतार सिरिलमधल्या पार्श्वभूमी काढण्याच्या सोयीनं किंवा ग्राएक्सपर्टनं काढा, आणि हे काम रंग-उजेड ताणण्याच्या *आधी* करा. नंतर केलंत तर डाग राहतात.

ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळं कशी काढतात?

एक तासभर शटर उघडं ठेवून नव्हे, शहरात तो फोटो पांढराफटक होईल. तीस सेकंदांचे फोटो सलग दोन तास घ्या, साधारण २४० होतात, आणि स्टारस्टॅक्स या सॉफ्टवेअरमध्ये एकत्र करा. दोन तासांत प्रत्येक तारा ३० अंशांचा कंस काढतो. कॅमेऱ्यातली 'लाँग एक्स्पोजर नॉइज रिडक्शन' बंद ठेवा. ती चालू राहिली तर प्रत्येक फोटोनंतर कॅमेरा तीस सेकंद थांबतो आणि कंस तुटक येतो, मोर्स कोडसारखा. बॅटरी पूर्ण भरलेली, शिवाय दुसरी तयार.

ध्रुव खाली असल्यामुळे आपल्याकडे पूर्ण वर्तुळं लहानच बसतात, बाकी सगळे मोठे कंस. त्याचा फायदा घ्या: कौलारू छप्पर, तुळशीवृंदावन किंवा नारळाचं झाड खाली ठेवून १८ मिमीनं उभी चौकट धरा.

ताऱ्यांबरोबर फिरणारा ट्रॅकर घरी बनवता येतो का?

येतो, आणि रुंद लेन्ससाठी तो उत्तम चालतो. साहित्य: १८ मिमी प्लायवूडच्या दोन फळ्या, प्रत्येकी ३० बाय १० सेंमी, ढिली नसलेली एक बिजागरी, एम-६चा शंभर मिमी लांब, पूर्ण आटे असलेला बोल्ट आणि नट, वरच्या फळीवर कॅमेरा बसवायला एक बॉल हेड (कॅमेरा कुठेही वळवता येणारी ट्रायपॉडची मान).

फळ्या आखूड बाजूनं बिजागरीनं जोडा. बिजागरीच्या पिनेच्या मध्यापासून बरोबर २२८.५ मिमीवर खालच्या फळीला भोक पाडून नट अॅराल्डाइटनं पक्का बसवा. बोल्ट खालून वर येऊन वरच्या फळीला उचलेल. तो टेकतो तिथे पत्र्याचा तुकडा ठोका, नाहीतर लाकडात खड्डा पडतो. एम-६च्या आट्यांचं अंतर १ मिमी असतं आणि आकाश २३ तास ५६ मिनिटांत एक फेरी करतं. या दोन आकड्यांतून २२८.५ निघतो, आणि बोल्ट मिनिटाला एक फेरी फिरवायचा हे ठरतं. बोल्टच्या डोक्याला डब्याचं झाकण चिकटवून त्यावर बारा खुणा करा. खालून पाहिलं तर ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं फिरवायचं, दर पाच सेकंदांना एक खूण.

बिजागरीची पिन ध्रुवाकडे रोखलेली हवी, म्हणजे जमिनीशी १७.७ अंशांचा चढ. पिनेला समांतर एक सरबताची नळी चिकटवा आणि तिच्यातून ध्रुव पाहा. तो खऱ्या ध्रुवबिंदूपासून सुमारे दोन तृतीयांश अंश दूर आहे, पण रुंद लेन्सला तेवढं चालतं. उत्तरेकडे तोंड करून उभं राहिल्यावर बिजागरी डाव्या हाताला, पश्चिमेला असली पाहिजे. उलट बसवली तर तारे दुप्पट लांबट येतात, आणि लोक बिचाऱ्या बोल्टला दोष देतात.

यावर १८ मिमीनं एक ते दोन मिनिटं, ५० मिमीनं तीस-चाळीस सेकंद सहज मिळतात. बोल्ट सरळ असल्यामुळे चूक हळूहळू साचते, म्हणून वीस-पंचवीस मिनिटांनी तो मागे फिरवून पहिल्या जागी आणा. शहरात मिनिटभराच्या फोटोला आयएसओ ४०० ते ८०० पुरे.

पहिली दुर्बीण कोणती?

१०×५०ची (दहापट वर्धन, ५० मिमी भिंगं) द्विनेत्री. गुरूचे चार चंद्र, चंद्रावरची विवरं, कृत्तिकेतले डझनावारी तारे, देवयानी दीर्घिकेचा धूसर ठिपका. आरामखुर्चीत पाठ टेकून, कोपर खुर्चीच्या हातांवर ठेवून पाहा.

त्यानंतर सहा इंची, म्हणजे १५० मिमी आरशाची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण). खोक्यावर '५२५ पट' छापलेल्या साठ मिमीच्या दुर्बिणी घेऊ नका. उपयोगी वर्धनाची मर्यादा भिंगाच्या दर मिलिमीटरला दोनपट, म्हणजे साठ मिमीला फार तर १२०, आणि तिचे तकलादू पाय तेवढंही पेलत नाहीत. शनीची कडी तीस पटीलाही दिसते. मात्र मार्च २०२५मध्ये ती आपल्याला अगदी कडेनं दिसली, त्यामुळे नंतरची दोन-तीन वर्षं बारीकच राहणार. २०३२च्या सुमारास ती पूर्ण उघडलेली असेल.

आरशाची दुर्बीण पाहण्याआधी अर्धा-पाऊण तास बाहेर निवू द्या. ठळक तारा थोडा फोकसबाहेर नेऊन पाहा: मधली काळी टिकली वर्तुळाच्या मध्यावर नसेल तर आरसे सरळ करायची वेळ झाली. सूर्याकडे प्रमाणित फिल्टर पुढच्या तोंडाला लावल्याशिवाय रोखायची नाही, क्षणभरही नाही. दिवसा झाकण लावून ठेवा, घरात मुलं असतात.

चंद्र आणि ग्रहांचे फोटो?

चंद्रासाठी पौर्णिमा टाळा, शुक्ल सप्तमी-अष्टमीला प्रकाश-सावलीच्या सीमेवर विवरं उठून दिसतात. पूर्ण चंद्राला एफ ११, आयएसओ १००, शटर १/१०० हा आरंभ, अर्ध्या चंद्राला दोन-तीन पायऱ्या जास्त उजेड द्या (प्रत्येक पायरीला दुप्पट). ग्रहांना फोटो नको, व्हिडिओ हवा: फोन दुर्बिणीच्या नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) क्लॅम्पनं बसवून, उजेड कमी करून मिनिटभर चित्रित करा आणि ऑटोस्टॅकर्ट या सॉफ्टवेअरला त्यातल्या चांगल्या वीस-तीस टक्के चौकटी निवडू द्या.

कोणता उल्कावर्षाव गाठावा?

१३-१४ डिसेंबरचा मिथुन. ऑगस्टचा ययाती उल्कावर्षाव जगभर गाजतो, पण आपल्याकडे तो ढगांच्या वर होतो. मिथुनाचा उगमबिंदू (उल्का जिथून येताना भासतात ती जागा) रात्री दोनच्या सुमारास डोक्याजवळ असतो. कॅमेरा त्यावर रोखू नका. चाळीस-पन्नास अंश बाजूला, सर्वात रुंद लेन्स, आयएसओ ३२००, पंधरा सेकंद, सलग तीन तास. चार-पाच उल्का मिळाल्या तर रात्र सार्थकी.

त्यापेक्षा कासच्या पठारावर जावं का?

आकाश तिथे नक्कीच काळं आहे. पण पठार २०१२पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे आणि वनविभागाच्या देखरेखीखाली आहे. परवानगीशिवाय रात्री आत जाणं, फुलांच्या सड्यावर ट्रायपॉड रोवणं, दोन्ही चूक. त्या घाटमाथ्यावर धुकं आणि वाराही बागेपेक्षा जास्त. जायचंच तर ओळखीच्या शेतात, मालकाला सांगून, गटानं जा. उसाला लागून बसू नका, बिबट्याचा वावर असतो.

गटात शिकायचं असेल तर १९४४मध्ये स्थापन झालेली पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था ही देशातली हौशी मंडळींची सर्वात जुनी संस्था. तिथल्या एका आकाशदर्शनात तीन-चार प्रकारच्या दुर्बिणींना डोळा लावून पाहता आला तर खरेदीतली चूक टळते.

पावसाळ्यात सामान कसं ठेवावं?

बॅगेत नाही. बॅगेचं कापड ओल धरतं आणि सप्टेंबरमध्ये लेन्सच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी निघते. रबरी कड असलेला हवाबंद प्लास्टिकचा डबा, त्यात अर्धा किलो रंग बदलणारं सिलिका जेल सुती पुरचुंडीत, आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहू द्या. ३५च्या खाली फार काळ नको, रबर आणि वंगण सुकतं. जेलचा रंग बदलला की मंद आचेवर कढईत, ढवळत, मूळ रंग येईपर्यंत तापवा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. चामड्याची केस डब्यात ठेवू नका, बुरशीची सुरुवात तिथूनच होते. बॅटऱ्या अर्ध्या भरून बाहेर काढून ठेवा. दुर्बिणीचा आरसा दोन्ही झाकणं लावून, नळी आडवी, तोंड किंचित खाली. पंधरा दिवसांतून एकदा ऊन पडेल तेव्हा लेन्स तासभर उजेडात काढा, फक्त ती सूर्याकडे रोखलेली नसावी.